दुपारची मेंढरं

रणधीरला तुम्ही मारलंत. तोंड वाकडं करू नका आणि कागद पुढं करू नका. कागदावर डॉक्टरनं हृदयविकार लिहिलाय, तेवढं आम्हालाही वाचता येतं. उन्हातान्हात मेंढरामागं पळून वाढलेला, बत्तीस वर्षांचा गडी तुमच्या गार काचेच्या इमारतीत बसल्या खुर्चीत गेला. त्याच्या आधीचे तीन महिने त्यानं खोलीवर जाऊन धड झोप घेतली नव्हती. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. माणूस आत कधी आला नि बाहेर कधी गेला, ते तुमच्या दारावरचं यंत्रच टिपून ठेवतं. कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आणायची घाई तुमची होती. आणि ज्या खेळापायी तो गेला, तोच खेळ त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तुम्ही बंद करून टाकलात. परदेशातल्या मोठ्या साहेबाला म्हणे त्यात दम दिसेना.

मेलेल्याचं तुम्ही काय केलंत, तेही सांगतो. एक हार पाठवलात. आणि दहाव्याच्या आधी लॅपटॉप न्यायला माणूस पाठवलात. दारात बायका रडत होत्या, आणि तुमचा माणूस चपला न काढता विचारत होता, "चार्जर कुठंय?"

खेळ बंद झाल्याचं कळलं तेव्हा रणधीरच्या बापानं, कोंडीरामनं, एवढंच विचारलं होतं, "म्हंजी पोरगं गेलं ते कशापायी गेलं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. तुम्ही तर नाहीच. उत्तर हुडकायला निघाली ती त्याची पोरगी, रणधीरची धाकटी बहीण हर्षाली. तिचं काय झालं ते आता ऐका.

ईट गावाच्या अलीकडं डोंगराच्या उतरणीला एक वस्ती आहे. तिथलं शेवटचं घर कोंडीरामचं. घर म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. दिवाळी सरली की कोंडीराम आणि तुळजाबाई मेंढरं घेऊन सीना नदीच्या अंगाला उतरतात, ते मिरगाच्या तोंडाला परत येतात. लेकरं दोन. थोरला रणधीर लहानपणी मेंढरातच होता. मास्तरांनी धरून शाळेत घातला तेव्हा चांगला टोणगा झाला होता. पण डोकं तेज, एकदा पुढं गेला तो गेलाच. हर्षालीच्या वेळी तुळजाबाईनं ठरवलं, ही पोर उन्हात न्यायची न्हाय. पहिलीपासून तिला तेर गावी मामाकडं ठेवली, पुढं धाराशिवच्या वसतिगृहात. शाळेला सुट्टी लागायची तेव्हा आईबाप नदीकाठी कुणाच्या तरी रानात असायचे आणि ही मामाकडंच राहायची. त्यामुळं हर्षालीनं घरची मेंढरं बघितली ती कायम पावसाळ्यात, सणावाराला घरी आल्यावर, हिरव्या माळावर, ढगाखाली. मेंढपाळाच्या घरात जन्मून उन्हाळ्यातलं मेंढरू तिनं बघितलंच नव्हतं. कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

लॉकडाऊन लागलं तेव्हा रणधीर पुण्यातून पळून थेट सीनेच्या काठी, मेंढरांच्या वाड्यावर आला होता; हर्षाली तेरला मामाकडंच अडकली होती. एका शेतकऱ्याच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत त्यानं लॅपटॉप लावला. तिथं नेटला बैलगाडीची चाल. म्हणून तुमच्या खेळाचा सगळा सोर्स कोड त्यानं तुमच्याच परवानगीनं स्वतःच्या एका हार्ड डिस्कवर उतरवून घेतला होता. सकाळी काम करायचा, आणि ऊन तापलं की बाहेर येऊन मेंढरांकडं टक लावून बसायचा.

"काय काम करतूस रं?" कोंडीराम विचारायचा.

"सांगायला बंदी हाय, आबा. सही करून दिलीय."

"बापाला सांगायला बंदी? दारूगोळा करतूस का काय?"

"खेळ करतोय. कंप्युटरवरचा."

"येवढा शिकून खेळ? मग आमी काय वाईट होतो, विट्टीदांडू तर फुकटच होता की."

एकदा एक कोकरू उसात शिरलं. बापानं हाक मारली म्हणून रणधीर पळत गेला आणि भलतंच कोकरू काखेत मारून आला. कोंडीराम हसून हसून खोकायला लागला. "न्हाय रं, न्हाय. गेलं तुझ्यातनं त्ये. तुला आता मेंढरू कळायचं न्हाय. सायेब झालास तू." रणधीरही हसला. चेष्टेचं बोलणं, हवेत विरून गेलं. पण पोरगं गेल्यावर तेच बोलणं बापाच्या छातीत काट्यासारखं मोडून बसलं. तुळजाबाईला तो झोपेतून उठून सांगायचा, "म्या असं बोलायला नगं होतं."

तुमचा माणूस लॅपटॉप घेऊन गेला. हार्ड डिस्क मात्र रणधीरच्या ट्रंकेत, जुन्या स्वेटरात गुंडाळलेली राहिली. त्याबद्दल तुम्हीही विचारलं नाहीत. खेळ रद्द झाल्यावर वर्षभरानं ती हर्षालीच्या हाताला लागली.

हर्षाली तेव्हा धाराशिवात एका खाजगी क्लासमध्ये पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवत होती. शिकवायची ते साधं, टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते. खेळ बनवण्यातलं तिला काही येत नव्हतं. सोर्स कोड म्हणजे चालता खेळ नव्हे. शिंप्यानं बेतून कापून ठेवलेलं कापड म्हणा. तुकडे सगळे आहेत, पण अंगात घालता येत नाही. त्यातून हे कापड ज्या मशिनीवर शिवायचं ती मशीनच आता मिळत नव्हती. हर्षालीनं क्लास सुटल्यावर मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर डिस्क जोडली. चालवून बघितलं, तर पडदाभर लाल चुका. एक काढली की खालून दहा वर यायच्या. ती त्या एकेक करून काढत बसली. आईबापाला सांगून टाकलं होतं, "दादानं काय केलंय ते मी तुमाला दाखवते." आता माघार नव्हती.

एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला. रणधीरबरोबर काम करणारी निकिता. हर्षालीनं तिला चारदा निरोप पाठवले होते.

"हे बघ हर्षाली, हा नंबर माझा नाही. आणि आपण कधी बोललोच नाही, कळलं?"

"मग आत्ता कोण बोलायलंय?"

"भूत समज," निकिता म्हणाली.

मग निकितानं सांगितलं, कुठलं सॉफ्टवेअर लागेल, त्याचं कुठलं जुनं रूप लागेल, कुठला तुकडा आधी उभा करायचा. बोलता बोलता ती म्हणाली, "तुझ्या भावाकडं मेंढ्या होत्या."

"आमच्याकडं अजून हायत की."

"नाही गं, खेळातल्या. सगळा खेळ लढाईचा. जळालेलं राज्य, घोडेस्वार, तलवारी. तिसऱ्या भागात एका डोंगरावर मेंढ्यांचा कळप आहे, त्यातून घोडा न्यायचा. तो कळप रणधीरचा. बाकी कशाला त्याचा हात नाही. आम्ही हसायचो त्याला. म्हणायचो, अरे, घोडेस्वार दौडत जाणार, मेंढ्यांकडं बघतंय कोण? तो म्हणायचा, मी बघतोय."

हर्षालीचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, दादानं घोडा केला असेल, राजा केला असेल. आबांना दाखवून म्हणता येईल, बघा, हा तुमच्या पोरानं केला. आणि हे काय, मेंढरं? वर्षानुवर्षं पुण्यात राहून, रक्त आटवून, पोरानं घरचीच मेंढरं केली होती?

पण कोडच्या त्या भागात शिरल्यावर तिला हसू आणि रडू एकदम फुटलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली नावं मराठी होती. कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढीचं नाव म्होरकी. रात्रीच्या जाळीच्या कुंपणाचं नाव वाघर. कोकरू, काठी, कुत्रं, सकाळ, दुपार. तुमच्या त्या इमारतीत कुणाला कळलं नसेल, की ह्या गड्यानं सीनेचा काठ आत आणून ठेवलाय.

सहा महिन्यांनी खेळाचा तेवढा तिसरा भाग उभा राहिला. उभा म्हणजे अर्धामुर्धा. डोंगर राखी रंगाचे, गवताचा पत्ता नाही, घोडेस्वार चढलेच नाहीत. पण त्या ओसाड राखाडी माळावर मेंढरं आली. काळ्या लोकरीची, लांब नाकाची, आपल्याकडची. म्होरकी मान काढून पुढं, बाकीच्या तिच्या मागं, आणि शेवटाला एक कोकरू रेंगाळत. हर्षाली तोंडावर ओढणी धरून बसली. एका पोरीनं दारातून विचारलं, "मॅडम, काय झालं?" ही म्हणाली, "काही नाही, आमची मेंढरं आलीत."

सगळं नीट चाललं होतं. एकाच ठिकाणी अडायचं. खेळातला सूर्य माथ्यावर आला की मेंढरं चालायची थांबायची, एकमेकींना खेटायची, आणि एकीचं मुंडकं दुसरीच्या पोटात घुसायचं. सगळा कळप म्हणजे नुसता एक काळा गोळा, पाठीच तेवढ्या दिसायच्या. हर्षालीनं कोड बघितला. दोन मेंढ्यांनी आपसात किती अंतर राखायचं त्याचा एक आकडा होता, आणि दुपारपुरता त्या आकड्याच्या मागं वजाचं चिन्ह लागलं होतं. अंतर वजा कसं असेल? तिला वाटलं, झालं, दादाचा हात चुकला. तीन-तीन महिने झोप नसलेल्या माणसाचा हात चुकणार नाही तर काय. आबांच्या डोळ्यांपुढं दादाची चूक यायला नको, लोकांनी हसायला नको, म्हणून तिनं ते वजाचं चिन्ह काढून टाकलं. मग बाकीचं जुळेना, म्हणून त्या दुपारच्या भागातल्या बऱ्याच ओळी काढून आपल्या हातानं नव्या लिहिल्या. आता मेंढरं भर उन्हात ऐटीत, सुटी-सुटी, एकमेकींना धक्का न लावता चरत हिंडायला लागली. मेलेल्या भावाचं काम नीटनेटकं करून दिल्याचं समाधान घेऊन ती त्या दिवशी घरी गेली.

श्रावणात तिनं क्लासच्या मालकाला विचारून तो कॉम्प्युटर जीपमध्ये घालून वस्तीवर नेला. तुळजाबाईनं नव्या वस्तूला लावतात तसं कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकू लावलं. कोंडीराम आंघोळ करून, लग्नाला निघाल्यासारखा नवा पटका बांधून पडद्यापुढं मांडी घालून बसला. हर्षाली म्हणाली, "आबा, घरातच बसायचंय की." तो म्हणाला, "पोराचं काम बघायचंय बाय. असं उघड्या डोक्यानं बघू व्हय?"

खेळातली सकाळ सुरू झाली. वाघर उघडली, म्होरकी बाहेर पडली.

"आगं आगं आगं!" कोंडीराम गुडघ्यावर आला. "ही बघ कशी मान काढून चालतीया! हिच्या आयला, ही आपली काळी! आगं तुळजे, आपली काळी हाय का न्हाय ही?"

"तीच की," तुळजाबाई म्हणाली. तिनं पडद्यावर हात ठेवला. "हर्षे, ह्याच्यात त्याचा आवाज हाय का गं कुठं?"

"न्हाय आये. आवाज न्हाय."

"बरं, असू दे. मेंढरं तर हायत."

"ते बघ, ते बघ, मागलं कोकरू!" कोंडीराम टाळ्या पिटत होता. दादा गेल्यापासून बाप असा हसलेला हर्षालीनं बघितला नव्हता. तिला वाटलं, झालं आपलं काम. दादा घरी आला.

खेळातलं ऊन चढत गेलं. सूर्य माथ्यावर आला. मेंढरं सुटी-सुटी चरत हिंडत होती. कोंडीरामचं हसू हळूहळू ओसरलं.

"हे काय, ऊन हाय का गं?"

"व्हय आबा. दुपार हाय."

"चैतातली?"

"तसंच समजा. उन्हाळा हाय खेळात."

"आन् झाड न्हाय कुठं?"

"न्हाय."

कोंडीराम बराच वेळ बघत राहिला. पुन्हा म्हणाला, "नीट बघून सांग. दुपारच हाय ना ही?" हर्षालीनं मान हलवली. मग तो पाठीमागं सरकून भिंतीला टेकला. "इसरलं," तो म्हणाला. "पोरगं इसरलं बघ. म्या बोललो तेच खरं व्हतं. गेलं होतं त्याच्यातनं." डोक्याचा पटका काढून त्यानं मांडीवर ठेवला, त्याच्याकडं जरा बघितलं, आणि उठून बाहेर निघून गेला.

"काय झालं, आये? काय चुकलं?"

तुळजाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आगं, उन्हाळ्याच्या दुपारी मेंढरं अशी हिंडत्यात व्हय? उघड्या माळावर झाड नसलं की एकमेकीच्या पोटाखाली मुंडकी घालून गप हुभी ऱ्हात्यात. एकीची सावली दुसरीला. ऊन कललं की मगच हलायच्या. दूधपितं लेकरू सांगंल आपल्यातलं."

हर्षालीला आपण मोडलेली दुपार आठवली. पोटात घुसलेली मुंडकी. काळा गोळा. वजाचं चिन्ह. चूक नव्हतीच ती. दादाला आठवत होतं, सगळं आठवत होतं. लॉकडाऊनमध्ये उन्हात बसून तो हेच तर बघत होता. आणि त्यानं जिवापाड जपून आणलेलं ते एकच खरं, आपण चूक म्हणून पुसलं.

ती पळत बाहेर गेली. "आबा, ते म्या केलं! दादानं बरोबर केलं होतं. म्या बदललं. मला ठाऊक न्हवतं!"

कोंडीरामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं बरं. भावाची बाजू घेतीस, घे. चांगलंच हाय. बहिणीनं घ्यावी."

"आबा, शप्पथ."

"शप्पथ कशाला घालतीस? म्या काय रागावलो व्हय त्याच्यावर? इसरतंय माणूस. तिथं काय मेंढरं हायत, ध्यानात ऱ्हायला?"

हर्षाली तशीच धाराशिवला परतली. वजाचं चिन्ह पुन्हा लावून भागणारं नव्हतं. तिनं त्या भागाची मोडतोड केली होती, आणि मूळ डिस्क आता कटकट आवाज करत मध्येच बंद पडत होती. दादाच्या मूळ ओळी तिनं त्या मरणपंथाला लागलेल्या डिस्कवरून दाणा-दाणा वेचल्यासारख्या काढल्या. वेचून जोडेपर्यंत दिवाळी सरली, आणि आईबाप मेंढरं घेऊन नदीकडं उतरले. शिमगा झाला तेव्हा कुठं काम झालं. एका रविवारी खेळातला सूर्य माथ्यावर आला, आणि मेंढरं थांबली. म्होरकीनं आधी मान खाली घातली. मग दुसरी, मग तिसरी. कोकरं आपसूक मधे गेली. गोळा झाला. हर्षाली उठणार होती, पण बघत राहिली, म्हणून तिला पुढचं दिसलं. कडेला उन्हात राहिलेली एक मेंढी जरा वेळानं आत शिरायची आणि आतली एक कडेला यायची. दादानं तेही लिहिलं होतं. घोडेस्वार ज्यांच्यातून दौडत जाणार, ज्यांच्याकडं कुणी ढुंकून बघणार नाही, त्या मेंढरांना त्यानं एकमेकींची सावली वाटून दिली होती. आणि स्वतः तुमच्या त्या इमारतीत कुणाच्या सावलीला होता?

तिला राहवलं नाही. जुने खेळ उभे करणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं तिनं त्या दुपारचा फोटो टाकला. खाली लिहिलं, हे माझ्या भावानं केलं, त्याचं नाव रणधीर. तिची चूक असेल तर ही. रद्द झालेला खेळ सापडला म्हणून तो फोटो चार देशांत फिरला. लोकांनी लिहिलं, असा कळप आम्ही कुठल्याच खेळात बघितला नाही. आठवड्याभरात तो तुमच्यापर्यंतही पोचला. रणधीर जिवंत असताना ज्या मेंढरांकडं तुमच्यातल्या एकानंही बघितलं नाही, ती आता तुम्हाला बरोबर ओळखू आली.

जीप मिळेपर्यंत महिना गेला, आणि आता येत्या रविवारी हर्षाली कॉम्प्युटर घेऊन सीनेकडं जाणार होती. जीप ठरली होती. तुमची माणसं शुक्रवारी आली. एक वकील आणि एक कोर्टाचा माणूस, हातात हुकूम. वकील बोलायला मऊ होता.

"मॅडम, या डिस्कवरचं सगळं कंपनीच्या मालकीचं आहे."

"खेळ तर तुम्ही टाकून दिलात."

"रद्द केला. रद्द करणं म्हणजे टाकून देणं नव्हे."

"मग काढणार हाय का तुम्ही तो?"

"तसा काही विचार नाही."

"साहेब, रविवारपर्यंत ठेवा. माझ्या वडलांना एकदा दाखवते आणि माझ्या हातानं आणून देते. एकच दुपार दाखवायचीय."

"माझ्या हातात असतं तर," वकील म्हणाला. हे वाक्य तुम्ही सगळ्यांना पाठ करूनच पाठवता. डिस्क गेली, कॉम्प्युटरमधलं सगळं गेलं, मोबाइलमधला फोटो पुसून घेतला, इंटरनेटवरचाही उतरवायला लावला, हर्षालीकडून कुठंही प्रत ठेवली नाही अशी सही गेली. एक प्रत क्लासच्या दुसऱ्या मशिनीवर होती. पण मालक असा भ्यायला होता, की तुमची माणसं दारात यायच्या आतच त्यानं ती स्वतःच्या हातानं पुसली होती. निकिताचा नंबर त्या दिवसापासून बंद आहे.

रविवारी हर्षाली रिकाम्या हातानं एसटीनं गेली. फाट्यावर उतरून नदीपर्यंत चालली. ऊन चांगलंच तापलं होतं. कापणी झालेल्या उघड्या रानात मेंढरं उभी होती, मुंडकी एकमेकींच्या पोटाखाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा ते डोळ्यांनी बघितलं. आणि तिला ते अनोळखी वाटलं नाही. ती रानाच्या मधोमध रडत उभी राहिली. कोंडीराम घोंगडं डोक्यावर घेऊन बांधावर बसला होता. तो उठून आला.

"काय गं? येकटीच? मशीन कुठंय?"

तिनं सगळं सांगितलं. फोटो, वकील, सही. आणि मग हात करून म्हणाली, "आबा, अशीच होती. दादानं अगदी अशीच केली होती. ती कडंची बघा, आता आत जाईल. ते पण केलं होतं त्यानं."

कडेची मेंढी आत शिरली. कोंडीरामनं मेंढरांकडं बघितलं, मग पोरीकडं.

"व्हय. अशीच हुभी ऱ्हात्यात ती," तो म्हणाला. "आता तू बघितलीस नव्हं, म्हनून तुला तसं वाटायलंय."

"आबा, म्या आधी बघितलं. पडद्यावर बघितलं."

"माझं मन राखायला लांबून आलीस, बाय. येवढं ऊन चालून आलीस." त्यानं आपलं घोंगडं काढून तिच्या डोक्यावर घातलं. "म्या काय म्हनतो का त्याला? इसरला तर इसरला. माझंच पोरगं हाय."

तो तिला खोटं पाडत नव्हता, समजूत घालत होता. हर्षालीला तेच सोसेना. तुळजाबाईनं तिघांना भाकरी वाढली. कोणी फार खाल्लं नाही.

तेव्हापासून तिनं तुम्हाला किती मेल पाठवले ते तुम्हीच मोजा. एकालाही उत्तर नाही. तिनं खेळ मागितला नाही. नुकसानभरपाई मागितली नाही. मालकी तुमची म्हणता, तर ठेवा उरावर. मात्र सीनेच्या काठची दुपार, कोंडीरामच्या काळीची चाल आणि मेंढरांची सावली कुठल्या दिवशी, कुणाकडून तुम्ही विकत घेतलीत, ते तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून तेही ती विचारत नाही. म्हातारा पुण्याला यायला तयार आहे. तुमच्या कुठल्याही खोलीत, तुमच्या पहाऱ्यात, तुमच्याच मशिनीवर त्याला बसवा. सकाळ दाखवू नका, लढाई दाखवू नका, नुसती दुपार लावा. पोरगं विसरलं नव्हतं एवढं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या आणि लगेच बंद करा.

करणार का नाही? होय म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण ह्या वेळी वकील पाठवू नका, स्वतःच्या तोंडानं बोला.